किनाऱ्यावरचा निरोप : बावट्यापासून लघुसंदेशापर्यंत

मालवण, देवगड किंवा वेंगुर्ला यांपैकी कोणत्याही बंदरावरील जुन्या माणसाला ‘तीन नंबरचा बावटा’ म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. तो चढला की वारा बिघडणार आणि होडी लोटण्यापूर्वी दहादा विचार करावयाचा, एवढे तो जाणतो. वादळाची सूचना बंदरावर देण्याची पद्धत आपल्याकडे प्रथम कलकत्त्यास १८६५ साली सुरू झाली आणि १८९८ पासून देशातील बंदरांसाठी एकसारख्या खुणा ठरल्या. दिवसा शंकूसारखे व नळकांड्यासारखे आकार आणि रात्री तांबडे-पांढरे दिवे यांच्या मांडणीवरून संकटाचे स्वरूप ओळखावयाचे. या पद्धतीत अक्षर नाही, भाषाही नाही. मालवणच्या तांडेलाला ती जितकी कळे, तितकीच परदेशी जहाजाच्या कप्तानालाही. मात्र तिच्या मुळाशी एक करार आहे. अमुक खुणेचा अमुक अर्थ, हे खूण लावणाराने व पाहणाराने आधीच मान्य केलेले असते.

हा करार ध्यानात ठेवून आपण मोबाइलवरील लघुसंदेशाकडे, म्हणजे आपण ज्याला एसएमएस म्हणतो त्याकडे, वळू. या यंत्राने निरोप सर्वत्र पोचतो असा आपला समज आहे. निरोप पोचणे आणि कळणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे त्याच्या इतिहासावरून स्पष्ट दिसते.

१९८५ च्या सुमारास फ्रीडहेल्म हिलेब्रांट या जर्मन अभियंत्याने टपालकार्डांवरील व टेलेक्सवरील मजकूर पाहून १६० अक्षरांत माणसाचे बोलणे मावते, असा निष्कर्ष काढला. दूरध्वनीच्या जाळ्यात या चिठ्ठीला जी जागा मिळाली ती १४० अष्टकांची, म्हणजे १,१२० बिटांची. रोमन अक्षराला सात बिट पुरतात. म्हणून १६० अक्षरे. पहिला लघुसंदेश इंग्लंडमध्ये ३ डिसेंबर १९९२ रोजी गेला. भारतात पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्यामध्ये झाले. म्हणजे आपण या जाळ्यात शिरलो तेव्हा चिठ्ठीचे माप ठरून गेले होते, आणि ते दुसऱ्याच्या लिपीवर बेतलेले होते.

पण या चिठ्ठीत अक्षरेच भरली पाहिजेत असे बंधन नव्हते. नुसते बिटही भरता येत. अशा चिठ्ठीला बायनरी संदेश म्हणतात. नोकिया कंपनीने हिचा उपयोग रिंगटोन पाठविण्यासाठी केला. मजकुराच्या आरंभी एक छोटे शीर्षक घालावयाचे आणि त्यात दाराचा क्रमांक लिहावयाचा. सुरावटीसाठी तो ५५०५ असे. तो क्रमांक दिसताच दूरध्वनी संच ती चिठ्ठी वाचावयास दाखवीत नसे. ती वाजवून दाखवी. एका स्वराला बारा बिट लागत. कोणता स्वर, किती लांबीचा, एवढीच माहिती त्यांत असे. त्यामुळे एका चिठ्ठीत लहानशी चाल सहज बसे. १९९८ साली नोकियाच्या ५११० या संचावर ‘सारे जहाँ से अच्छा’ची धून आली, ती संचातच भरलेली होती. पुढे अशा धुना चिठ्ठीतून विकत मिळू लागल्या.

या चिठ्ठ्या संगणकावरून जाळ्यात सोडणारी जी व्यवस्था, तिला गेटवे म्हणतात. बंदरावरील जकातनाक्याशी तिची तुलना करता येईल. गलबतात नारळ आहेत की कौले, हे नाक्यावर लिहून द्यावे लागे. तसे आत रोमन अक्षरे आहेत, इतर लिपी आहे की कच्चे बिट आहेत, हे गेटवेला सांगावे लागते. हे चुकीचे सांगितले, किंवा घेणारा संच ती जात ओळखत नसला, तर सुरावटीच्या जागी अगम्य चिन्हांची रांग उमटे. चिठ्ठी पोचलेली असे, पैसेही कापले गेलेले असत. निरोप मात्र गेलेला नसे.

आता देवनागरीचे पाहा. ज्या संचात देवनागरीचे वळणच नाही, त्यावर मराठी शब्द दाखवावयाचा तर तो चित्र म्हणूनच पाठवावा लागे. ७२ ठिपके रुंद आणि २८ ठिपके उंच अशा चित्राला २,०१६ बिट, म्हणजे २५२ अष्टके लागतात. ती एका चिठ्ठीत मावत नाहीत. एवढ्या जागेत शब्द दोनचारच. पुढे जगातील सर्व लिप्यांसाठी सोळा बिटांची पद्धत आली आणि मराठी अक्षर अक्षर म्हणून जाऊ लागले. पण १,१२० ला सोळाने भागले की ७० उरतात. शिवाय काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे निरनिराळे मोजले जातात. ‘सिंधुदुर्ग’ हा शब्द आपल्या दृष्टीने चार अक्षरांचा. चिठ्ठीत तो दहा जागा घेतो. इंग्रजी मजकुरात एक जरी देवनागरी अक्षर आले, तरी सगळ्या चिठ्ठीची मर्यादा १६० वरून ७० वर येते. मजकूर त्यापुढे गेला की दोन चिठ्ठ्या, आणि दाम दुप्पट.

याचा परिणाम असा झाला, की काटकसरीखातर मराठी रोमन लिपीत लिहिली जाऊ लागली. थट्टामस्करीत ते चालून जाते. कोळ्याच्या कामात मात्र गळ, गाळ आणि गाल हे तिन्ही शब्द रोमनमध्ये एकसारखेच दिसतात. पुढे हिंदीसाठी सात बिटांची खास अक्षरतालिका मानकात आली. तिच्यायोगे देवनागरीलाही जवळजवळ पूर्ण जागा मिळाली असती. पण पाठविणारा, गेटवे आणि घेणारा संच या तिघांनाही ती ठाऊक असावी लागते. तिघांचा करार जमला नाही आणि ती सोय फारशी रुळली नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या संचावर सर्व अनुसूचित भाषा वाचता आल्या पाहिजेत, असे भारतीय मानक २०१६ साली निघाले.

हे सगळे सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला किती लागू आहे, ते सांगतो. हैदराबादेत १९९९ साली स्थापन झालेली ‘इन्कॉइस’ ही संस्था उपग्रहाने समुद्राचे तापमान व हरितद्रव्य पाहून मासे कोठे मिळण्याचा संभव आहे, ते सांगते. बंदरापासूनची दिशा, अंतर आणि खोली असा तो निरोप असतो. लाटांचा व वाऱ्याचा इशाराही ती देते. हे निरोप किनारी भाषांतून दिले जातात आणि मोबाइलवरही येतात. परंतु मनोऱ्याची हाक किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरच्या पुढे जात नाही, आणि मोठ्या मासेमारीच्या नौका त्याहून पुष्कळ दूर जातात. नोव्हेंबर २००९ मधील फयान वादळात कोकणातील कितीतरी मच्छीमार समुद्रात सापडले होते. मे २०२१ मध्ये तौक्ते आले, तेव्हा इशारे आधीच मिळाले होते. पण या जिल्ह्यात वीज गेली, आणि विजेवाचून मनोरे व हातातले संच फार काळ चालत नाहीत.

म्हणून आता दोन निराळे उपाय पुढे आले आहेत. २०२३ साली देशात एका नव्या इशाऱ्याच्या चाचण्या झाल्या. तो मनोऱ्याच्या टापूतील प्रत्येक संचावर एकाच वेळी उमटतो. त्यास कोणाचा क्रमांक लागत नाही, आणि संच मोठ्याने एक ठराविक सूर वाजवितो. दुसरा उपाय नौकेवर बसवावयाच्या उपग्रहयंत्राचा. एक लाख नौकांवर अशी यंत्रे बसविण्याच्या योजनेचा आरंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाला. मनोऱ्याची हाक संपते तेथेही त्यावर छोटे निरोप येतात व तेथून संकटाची हाक देता येते.

चाचणीतला तो ठराविक सूर ऐकला की शंकूचा बावटा आठवतो. त्यालाही लिपी नाही. त्यालाही आधीचा करार लागतो. सूर सावध करतो आणि अक्षर काय करावयाचे ते सांगते. किनाऱ्याला दोन्ही हवीत. ‘समुद्रात जाऊ नका’ हे वाक्य सत्तरांपैकी अवघ्या सोळा जागा घेते. म्हणजे मराठीत इशारा देण्यास जागा पुरत नाही, असे कोणी म्हणू नये. अडचण जागेची नाही. ते वाक्य नौकेवरच्या माणसाच्या संचावर उघडते का, सूर कानी पडल्यावर त्याचा अर्थ त्याला कोणी समजावून दिला आहे का, हे पाहण्याची आहे. किती संदेश पाठविले याचा हिशेब प्रत्येक कचेरीत ठेवला जातो. किती उघडले आणि किती कळले, हा हिशेब बंदरावर जाऊनच करावा लागेल, आणि तो पावसाळा सुरू होण्यापूर्वी केला पाहिजे.