नववा डाव आणि दुर्बीण : १९५१ मधील एका सामन्याची कारणमीमांसा

न्यूयॉर्कमधील पोलो ग्राउंड्स या मैदानावर ३ ऑक्टोबर १९५१ रोजी न्यूयॉर्क जायंट्स व ब्रुकलिन डॉजर्स या व्यावसायिक बेसबॉल संघांत झालेला सामना अमेरिकेच्या क्रीडेतिहासात चिरस्मरणीय ठरला आहे. ऑगस्टच्या मध्यास जायंट्स संघ डॉजर्सच्या सुमारे १३ सामने मागे होता. तथापि शेवटच्या ४४ सामन्यांपैकी ३७ जिंकून त्याने बरोबरी साधली. १५४ सामन्यांअखेर उभय संघांचे विजय प्रत्येकी ९६ झाले आणि नॅशनल लीगचे अजिंक्यपद तीन सामन्यांच्या निर्णायक मालिकेवर येऊन ठेपले. पहिला सामना जायंट्सनी ३-१ असा, तर दुसरा डॉजर्सनी १०-० असा जिंकला.

तिसऱ्या सामन्यात नवव्या, म्हणजे अखेरच्या डावाच्या उत्तरार्धास प्रारंभ झाला तेव्हा डॉजर्स ४-१ असे पुढे होते. डार्क व म्यूलर हे फलंदाज बेसवर पोहोचले. अर्विन बाद झाला. लॉकमनच्या फटक्याने एक धाव मिळाली. तेव्हा थकलेल्या न्यूकोंबच्या जागी राल्फ ब्रँका चेंडू फेकण्यास आला. त्याचा दुसराच चेंडू बॉबी थॉमसनने डाव्या बाजूच्या प्रेक्षकांत भिरकावला आणि तीन धावा होऊन जायंट्स ५-४ असे विजयी झाले.

या प्रसंगाला अर्धशतक उलटत असता, २००१ मध्ये, 'वॉल स्ट्रीट जर्नल'मधील जोशुआ प्रेगर यांच्या लेखाने एक जुनी कुजबूज पुराव्यानिशी पुढे आणली. जुलै १९५१ पासून पोलो ग्राउंड्सवर मैदानापलीकडील खोलीतून दुर्बिणीने प्रतिस्पर्धी कॅचरच्या बोटांच्या खुणा वाचल्या जात, विजेच्या घंटीने त्या कळविल्या जात व तेथून फलंदाजास इशारा मिळे. हयात असलेल्या अनेक खेळाडूंनी यास दुजोरा दिला. मात्र त्या चेंडूची पूर्वसूचना आपण घेतली नव्हती, असे थॉमसन सांगत राहिला.

येथे दोन प्रश्न वेगळे करणे अगत्याचे आहे. पहिला, त्या एका फटक्याचे श्रेय दुर्बिणीस द्यावे काय? उपलब्ध पुरावा याला अनुकूल नाही. त्याच मैदानावर, तीच व्यवस्था उपलब्ध असता, आदल्या दिवशी जायंट्सना एकही धाव काढता आली नव्हती. तिसऱ्या दिवशीही पहिल्या आठ डावांत त्यांची धाव एकच होती. शिवाय खूण दिसणे म्हणजे तिचा अर्थ कळणे नव्हे. खूण ही संकेताने अर्थवती होते. दुसऱ्या बेसवर प्रतिस्पर्धी धावपटू असताना कॅचर संकेत बदलतात, कारण तेथून त्या खुणा नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. थॉमसन खेळावयास आला तेव्हा लॉकमन दुसऱ्याच बेसवर होता.

दुसरा प्रश्न संपूर्ण हंगामाचा आहे, आणि तेथे उत्तर इतके सुलभ नाही. दोन्ही संघांचे विजय समसमान होते. त्यामुळे जुलैनंतर या मैदानावरील केवळ एक विजय जरी दुर्बिणीच्या साहाय्याने मिळाला असेल, तरी तिच्यावाचून तो निर्णायक सामना घडलाच नसता. थॉमसनचे कौशल्य निर्विवाद मानले, तरी ते प्रकट होण्याची संधी कशी निर्माण झाली, ही शंका निवारता येत नाही.

अशा यांत्रिक साधनांना मनाई करणारा स्पष्ट नियम १९५१ मध्ये नव्हता; म्हणून नियमभंगाचा आरोप टिकत नाही, परंतु ही व्यवस्था गुप्त ठेवण्यात आली हे तिच्या कर्त्यांच्या मनोभूमिकेवर प्रकाश टाकणारे आहे. या वादाची झळ सर्वाधिक दोन व्यक्तींना लागली : एकाच्या कीर्तीवर सावली पडली, तर दुसऱ्याने पराभवाचे ओझे आयुष्यभर वाहिले. २०१० मध्ये थॉमसन व २०१६ मध्ये ब्रँका निवर्तले. अखेरच्या क्षणाचे कारण त्या क्षणातच शोधल्यास दोघांवरही अन्याय होतो. निकाल नवव्या डावात लागला हे खरे. पण तो डाव शक्य करणाऱ्या कारणांची परंपरा जुलैपर्यंत मागे जाते.