यादीत नसलेला पाइप

२२ मार्च १९७५. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातलं ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्र. नियंत्रण कक्षाच्या खाली एक खोली होती, तिथे साऱ्या केबल एकत्र येत आणि भिंतीतून पलीकडे अणुभट्टीच्या इमारतीत जात. त्या इमारतीत हवेचा दाब मुद्दाम किंचित कमी ठेवलेला असतो, म्हणजे फट राहिलीच तर बाहेरची हवा आत जाईल, आतली किरणोत्सर्गी हवा बाहेर येणार नाही. दोन कामगार त्या दिवशी भिंतीतल्या फटी शोधत होते. पद्धत ठरलेली होती: पेटती मेणबत्ती भोकाजवळ धरायची आणि ज्योत आत ओढली जाते का ते पाहायचं. ज्योत ओढली गेली. फट बुजवायला भरलेला पॉलियुरेथेनचा फोम पेटला, आणि ज्या हवेचा शोध चालला होता तिनेच ती आग भिंतीपलीकडे नेली.

आग सुमारे सात तास चालली. सोळाशेच्या आसपास केबलचं नुकसान झालं. पहिल्या युनिटची आणीबाणीत भट्टी थंड ठेवणारी यंत्रणा हातातून गेली आणि उरल्यासुरल्या पंपांवर वेळ मारून न्यावी लागली. जवळच्या अथेन्स गावातून आलेला अग्निशमन दलाचा प्रमुख ‘पाणी मारा’ म्हणत होता. विजेच्या आगीवर पाणी कसं मारायचं, म्हणून केंद्रातले अधिकारी तयार नव्हते. अखेर पाणी मारलं आणि आग थोड्या वेळात विझली.

अणुवीज केंद्रातल्या नेहमीच्या तपासणीचा मागोवा घ्यायला मला ही मेणबत्ती सोयीची वाटते, कारण ती कुणी बेफिकीर माणसाने खिशातून काढली नव्हती. ती रूढ पद्धत होती. तिच्यापायी आधीही लहानसहान आगी लागल्या होत्या, हातासरशी विझवल्या गेल्या होत्या, आणि पद्धत तशीच चालू राहिली होती.

या तपासणीचं मूळ घराणं बॉयलरचं. एकोणिसाव्या शतकात वाफेने गिरण्या, जहाजं, आगगाड्या चालवल्या आणि माणसंही मारली. बॉयलर फुटणं म्हणजे देवाची करणी असं मानायचे दिवस होते. मँचेस्टरच्या गिरणीमालकांनी १८५०च्या दशकात संघ काढून आपापले बॉयलर नियमाने तपासून घ्यायला सुरुवात केली. अमेरिकेत १८६५च्या एप्रिलमध्ये मिसिसिपी नदीवर ‘सुलताना’ ही आगबोट बॉयलर फुटून बुडाली, हजाराहून जास्त माणसं गेली. पुढच्याच वर्षी हार्टफर्ड गावात एक कंपनी उभी राहिली. तिच्या नावातच तपासणी आधी आणि विमा नंतर होता: हार्टफर्ड स्टीम बॉयलर इन्स्पेक्शन अँड इन्शुरन्स कंपनी. बॉयलर फुटला तर पैसे कंपनीला भरावे लागणार, म्हणून तिचा निरीक्षक हातोडी घेऊन थंड बॉयलरच्या पोटात शिरायचा, पत्रा ठोकून आवाज ऐकायचा, रिव्हेटच्या कडा बोटांनी चाचपायचा. पाहणाऱ्याचा स्वतःचा पैसा अडकलेला असला की नजर आपोआप तीक्ष्ण होते. मला तरी ही युक्ती पुढच्या कित्येक सरकारी नियमांपेक्षा शहाणपणाची वाटते.

कायदे मागाहून आले. १९०५मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉकटन गावी जोड्यांच्या कारखान्यात बॉयलर फुटून ५८ माणसं मेली. त्यानंतर त्या राज्याने कायदा केला, आणि अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सने १९१४-१५मध्ये बॉयलरची संहिता छापली. आपल्याकडे १९२३चा बॉयलर कायदा आला. गिरणगावातल्या प्रत्येक बॉयलरला या कायद्याखाली दाखला लागे. राज्याचं बाष्पके संचालनालय आजही साखर कारखान्यांचे बॉयलर तपासतं.

अणुभट्टीचं पात्र म्हणजे अखेर दाबाखालचं भांडंच. त्यामुळे १९६३मध्ये त्याच बॉयलर संहितेत अणुभांड्यांसाठी तिसरा विभाग जोडला गेला. अमेरिकेत अणुभट्टीच्या भागांवर सही करणारा निरीक्षक आजही बहुधा विम्याच्या घराण्यातून येतो, आणि त्या घराण्यांत हार्टफर्डची ती कंपनी आहे. पण तिसरा विभाग होता तो बांधणीचा. चालू झालेली भट्टी पुढची तीस-चाळीस वर्षं कशी तपासायची, कुठला वेल्ड किती वर्षांनी पाहायचा, याचा अकरावा विभाग आला १९७०मध्ये.

तारापूरची पहिली दोन युनिट्स १९६९मध्येच वीज देऊ लागली होती.

म्हणजे बोईसरजवळच्या त्या किनाऱ्यावर जनरल इलेक्ट्रिकने उभारलेल्या भट्ट्या, आणि जगभरची त्यांची समवयस्क भावंडं, तपासणीची संहिता जन्मायच्या आधीची होती. पुढे कुणी येऊन वेल्ड पाहणार आहे, त्याला हात घालायला जागा लागेल, हा विचार त्या पिढीच्या आराखड्यांत फारसा नव्हता. आणि हात घालणंही सोपं नव्हतं. बॉयलरच्या घराण्यापासून अणुभट्टी इथे वेगळी होते. गिरणीचा बॉयलर थंड झाला की निरीक्षक आत जाऊ शके. अणुभट्टी बंद केली तरी पाइपांच्या आत साचलेले किरणोत्सर्गी कण राहतातच. आपल्या नियमांप्रमाणे कामगाराला एका वर्षात ३० मिलिसिव्हर्टपेक्षा आणि पाच वर्षांत मिळून १००पेक्षा जास्त डोस घेता येत नाही. म्हणजे प्रत्येक वेल्ड पाहण्याची किंमत कुणाच्या तरी छातीवरच्या बॅजमध्ये नोंदली जाते. म्हणून हातोडी गेली आणि अल्ट्रासॉनिक प्रोब, पाण्याखालचे कॅमेरे, दूरनियंत्रित यंत्रं आली. इथे जास्त तपासणी म्हणजे आपोआप चांगली तपासणी नव्हे. काय पाहायचं आणि काय सोडायचं, हे ठरवावंच लागतं. मग सगळी मदार यादीवर येते.

यादी वाढते ती तडे सापडले की. १९७४मध्ये इलिनॉयमधल्या ड्रेस्डेन केंद्रात उकळत्या पाण्याच्या भट्टीच्या स्टेनलेस स्टीलच्या पाइपांना वेल्डशेजारी तडे सापडले. गरम पाणी, त्यातला प्राणवायू आणि वेल्डिंगने धातूत राहिलेला ताण अशा तिघांनी मिळून पोखरलेले. त्यानंतर जगभर या जातीच्या भट्ट्यांमध्ये ते वेल्ड यादीत चढले. तारापूरची पहिली दोन युनिट्स त्याच जातीची. ती २०२०मध्ये बंद करून भट्टीत पाणी फिरवणारे हेच पाइप बदलायचं मोठं काम हाती घेतलं गेलं.

दुसरा धागा कॅनडाचा. १ ऑगस्ट १९८३ रोजी ऑन्टॅरिओतल्या पिकरिंग केंद्रात जड पाण्याच्या भट्टीतली एक दाबनळी आगाऊ कसलाही इशारा न देता फाटली. दाबनळी तिच्या भोवतीच्या थंड नळीला टेकू नये म्हणून मध्ये स्प्रिंगची कडी बसवलेली असतात. ती जागेवरून सरकली होती. नळ्या टेकल्या, थंड जागी हायड्रोजन साचून धातू ठिसूळ झाला. राजस्थान आणि कल्पाक्कमच्या भट्ट्यांचं कुळ तेच. भाभा अणुसंशोधन केंद्राने मग ‘बार्सिस’ नावाची यंत्रणा बनवली. ती नळीत शिरून कडी कुठे आहेत, भिंत किती जाड उरली आहे, हे मोजते. राजस्थानच्या दुसऱ्या युनिटच्या सगळ्या दाबनळ्या नव्वदच्या दशकात बदलल्या गेल्या.

अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातल्या अपघाताबद्दल इतकंच लिहायला हवं, कारण बाकी सर्वांना माहीत आहे: २८ मार्च १९७९च्या पहाटे राखीव पाण्याच्या वाटेवरचे दोन व्हॉल्व्ह बंद होते. दोन दिवसांपूर्वीच्या नेहमीच्या चाचणीत ते बंद केले होते, मग उघडायचे राहून गेले. पॅनेलवर ते दाखवणारा एक दिवा दुसऱ्या कामाच्या लटकत्या टॅगखाली झाकला गेला होता. चाचणीनंतर प्रत्येक व्हॉल्व्ह दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे पाहावा, हा दंडक आज सगळीकडे आहे. नियामकाचा निरीक्षक केंद्रातच मुक्कामी ठेवायची अमेरिकेतली नवी प्रथाही या अपघातानंतर भराभर पसरली.

यादी लांबत जाते तशी एक निराळीच भीती उभी राहते. जपानच्या फुकुई प्रांतात मिहामा केंद्राचं तिसरं युनिट १९७६पासून चालू होतं. ९ ऑगस्ट २००४ रोजी टर्बाइनच्या इमारतीत एक जाड पाइप फुटला आणि त्यातून सुटलेल्या वाफेने पाच कामगारांचा बळी घेतला. हा पाइप किरणोत्सर्गी बाजूचा नव्हता. त्याची भिंत मुळात १० मिलिमीटर जाड होती, ती झिजून एका जागी दीड मिलिमीटरहूनही कमी उरली होती. असे पाइप झिजतात हे ठाऊक होतं, जाडी मोजायची यादी होती, आणि हा नेमका भाग त्या यादीत लिहायचा राहिला होता. २८ वर्षांत तो एकदाही तपासला गेला नाही. मेलेले कामगार तिथे का जमले होते? काही दिवसांवर आलेल्या नियमित तपासणीची तयारी करायला.

ओहायोतल्या डेव्हिस-बेस केंद्रातली गोष्ट उलटी आहे. तिथे जागा यादीत होती. १९९१मध्ये फ्रान्समध्ये ब्युजे केंद्रात एका भट्टीच्या झाकणातल्या नळीला तडा गेल्याचं कळलं. कळलं कशाने, तर दहा वर्षांनी होणाऱ्या पाण्याच्या दाबाच्या चाचणीने. म्हणजे गिरणीच्या बॉयलरला लावत तीच जुनी चाचणी. दहा वर्षांनी अमेरिकेच्या नियामक आयोगाने तशा भट्ट्यांना झाकणं तपासायला सांगितलं आणि ३१ डिसेंबर २००१ची मुदत घातली. डेव्हिस-बेसच्या कंपनीला त्यासाठी भट्टी बंद करायची नव्हती. वाटाघाटी होऊन १६ फेब्रुवारी २००२ ठरली. मार्चमध्ये दुरुस्ती करताना एक नळी हलली. तिच्या शेजारी, बोरिक आम्लाने खाल्लेल्या पोलादात, फुटबॉलएवढी पोकळी होती. सोळा-सतरा सेंटिमीटर जाडीचं पोलाद पार गेलेलं. मध्ये उरलं होतं ते स्टेनलेस स्टीलचं सेंटिमीटरभर अस्तर, आणि ते दाबाने फुगलेलं. गंजाच्या खुणा आधी दिसल्या नव्हत्या असंही नाही. झाकणावरून ओघळलेल्या तांबड्या गंजाचं छायाचित्र २०००मध्येच काढलेलं होतं, आणि इमारतीतल्या हवेचे फिल्टर गंजाने बुजत म्हणून वारंवार बदलले जात होते.

आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३च्या नोव्हेंबरमध्ये स्थापन झालं. त्याच्या निरीक्षकांची तुकडी साधारण सहा महिन्यांनी चालू केंद्रात जाते, परवाना फार तर पाच वर्षांचा असतो, आणि दहा वर्षांनी केंद्राचा मुळापासून फेरआढावा होतो. उत्तर प्रदेशात नरोराला ३१ मार्च १९९३ रोजी टर्बाइनची पाती तुटली, गळलेला हायड्रोजन पेटला, एकाच वाटेने नेलेल्या केबल जळाल्या आणि सतरा तास केंद्राला वीज नव्हती. केबल वेगवेगळ्या वाटांनी न्या आणि मध्ये आगीला अडसर ठेवा, हा ब्राउन्स फेरीचा धडा अठरा वर्षं जुना होता. तो इथे पोहोचायला आपली स्वतःची आग लागली.

मंडळावर आक्षेप मात्र तपासणीच्या तंत्राचा नव्हता, घराचा होता. मंडळ अणुऊर्जा आयोगाला उत्तर देणार आणि आयोगाचा अध्यक्ष हाच अणुऊर्जा विभागाचा सचिव. केंद्रं चालवणारी कंपनीही त्याच विभागाची. कॅगने २०१२मध्ये यावर स्पष्ट बोट ठेवलं. स्वतंत्र प्राधिकरणाचं विधेयक २०११मध्ये लोकसभेत आलं आणि २०१४मध्ये लोकसभेबरोबरच बारगळलं. अणु-अपघाताच्या दायित्वासाठी विमा कंपन्यांचा दीड हजार कोटींचा निधी २०१५मध्ये उभा राहिला, हार्टफर्डनंतर दीडशे वर्षांनी. डिसेंबर २०२५मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ‘शांती’ कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला. त्याचं स्वागतच करायला हवं. फक्त एक नोंद जवळ ठेवावी. डेव्हिस-बेसला सहा-सात आठवडे वाढवून देणारा अमेरिकी आयोग कायद्याने पूर्ण स्वतंत्र होता, आणि त्याच्याच महानिरीक्षकाने २००२च्या अखेरीस दिलेल्या अहवालात लिहिलं की ही मुदतवाढ देण्यामागे कंपनीचं आर्थिक नुकसान कमी व्हावं ही इच्छा मोठ्या प्रमाणात होती.