दोन घरची क्लचप्लेट

इतिहास बखरीत असतो, तसा मोटारीच्या पोटातही असतो. फक्त हात काळे करावे लागतात. अँबॅसिडरचंच घ्या. नाव राजदूताचं, अंग विलायती मॉरिस ऑक्सफर्डचं, जन्म १९५७ साली बंगालमधल्या उत्तरपाड्यात. पोटात १४८९ सीसीचं ब्रिटिश इंजिन बरीच वर्षं नांदलं. १९९० नंतर इसुझूचं १८१७ सीसीचं जपानीही आलं. २०१४ साली गाडी निघणंच बंद झालं. मधल्या काळात गल्लीतल्या मिस्त्रींनी कित्येकींत हाताला लागेल ते डिझेल इंजिन बसवून टाकलं.

आमच्या काकांची त्यातलीच. दुकानात "अँबॅसिडरची क्लचप्लेट द्या" म्हटलं, की दुकानदार गालात हसून विचारतो, "कुठली?" कारण क्लचप्लेटला घरं दोन. व्यास जुळायचा इंजिनाच्या फ्लायव्हीलशी, मधले दाते जुळायचे गिअरबॉक्सच्या शाफ्टशी. इंजिन एका गाडीचं, गिअरबॉक्स दुसरीचा, की दोन घरचा पाहुणा उपाशी!

काका म्हणाले, "अरे, नाव नको सांगूस. जुनी प्लेट काढून ने." दुकानदाराने व्यास मोजला, दाते मोजले. जोडी नाहीच मिळाली. मग जुन्याच चकतीवर रिव्हेट मारून नवं अस्तर चढवलं. बॉनेटवरची पाटी काहीही म्हणो, गाडीचा खरा सातबारा त्या झिजलेल्या प्लेटवरच होता.