चुलीवरची दोरी



रविवारी अंगणात कोंबडी निखाऱ्यावर भाजली, पाहुणे जेवून गेले आणि परातीत चार तुकडे राहिले, की आपण म्हणतो, उरलंसुरलं. जरा कमीपणानंच म्हणतो. पण आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या चुलीपाशी बसून मागे पाहिलं तर आम्हाला वेगळंच दिसतं. मांस विस्तवावर धरायचं कारणच मुळी उद्याचं जेवण होतं.

शहरातल्या हॉटेलांच्या पाटीवर बार्बेक्यू लिहिलेलं असतं. तो शब्द कॅरिबियन बेटांवरच्या तैनो लोकांचा. स्पॅनिश लोकांनी तो 'बार्बाकोआ' असा उचलला. अर्थ काय, तर विस्तवावर उभारलेला लाकडी माचा. त्यावर मांस-मासळी मंद आचेला, धुरात ठेवायची. आज पोटभर खायचं आणि बाकीचं टिकवायचं, ही दोन्ही कामं एकाच माच्यावर व्हायची. सातासमुद्रापलीकडची ही गोष्ट आपल्या रानातल्या म्हाताऱ्या बाईला कोणी शिकवली नव्हती. तिच्या चुलीवर बांबूची शिंकाळी आणि दोरी होतीच.

गोंड-माडिया गावात देवाला बकरा किंवा कोंबडं दिलं की मांसाचे वाटे घरोघरी जात. थोडं निखाऱ्यावर भाजून पानावर खायचं, बाकीचं पातळ चिरून चुलीवर टांगायचं. उन्हाळ्यात काळजी नव्हती. चंद्रपूरचं मे महिन्याचं ऊन दोन-तीन दिवसांत मांस कडक वाळवतं. पावसाळ्यात मात्र सगळी भिस्त धुरावर. मग आषाढात, रोवणीच्या दिवसांत, घरात भाजीचं पान नसताना ती दोरी खाली यायची. मूठभर तुकडे गरम पाण्यात भिजवायचे, पाट्यावर ठेचायचे, लसूण-मिरची लावून लाखोळीच्या डाळीत नाहीतर अंबाडीत सोडायचे. वास्ते असले तर त्यात. मूठभर मांसात आठ माणसांचा भात उठायचा. कोणाच्या वाट्याला किती, हा हिशेब बाईच्या डोक्यात असायचा, आणि शेवटचा वाटा तिचा.

आता जरा अवघड भागाकडे येतो. दलित वस्त्यांत ढोराच्या मांसाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर वाळवत, त्या चान्या. शाहू पाटोळे यांनी 2015 साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांचा स्वयंपाक लिहिला, त्यात चान्या आहेत. निखाऱ्यावर शेकून भाकरीबरोबर खायच्या, नाहीतर कालवणात टाकायच्या. पण हे मांस पुष्कळदा मेलेल्या जनावराचं असे. ते ओढून नेण्याचं काम गावानं माथी मारलेलं, आणि मोबदला काय, तर तेच मांस. तिथे टिकवण्याचं कसब भुकेतून आलं होतं. त्याचं कौतुक करताना आमची जीभ अडखळते, आणि अडखळावीच.

1927 साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं सांगितलं. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी बायांशी वेगळं बोलून असलं मांस घरात येऊ देऊ नका, असंही बजावलं. कारण उघड आहे: चूल बाईच्या हातात होती. पुरुषांनी ठराव केला तरी त्या दिवशी मुलांच्या पानात काय वाढायचं, हा प्रश्न तिनंच सोडवायचा होता. पुढे 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात आणि 16 ऑक्टोबरला आपल्या चांद्यात धम्मदीक्षा झाली. तोवर कितीतरी घरांतून ती दोरी उतरलेली होती. वाटा नाकारणाऱ्या त्या बायांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

रानातली दोरी वेगळ्या कारणानं रिकामी झाली. ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालं, 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. पारधीचं मांस चुलीवर टांगणं आता गुन्हा आहे, आणि वाघ-हरणं राहायची तर तो कायदा हवाच. 2015 साली राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हणजे चुलीवर काय टांगायचं हे कधी भुकेनं ठरवलं, कधी स्वाभिमानानं, कधी सरकारनं.

त्यामुळे नात विचारते, "आजी, तुम्ही वाळलेलं मटण खायचात?" तेव्हा काही आज्या विषय बदलतात. आम्हाला वाटतं, त्यांनी सांगावं. कोणतं मांस लादलेलं होतं आणि कोणतं हौसेनं वाळवलेलं, हे दोन्ही सांगावं. मांस नाकारलं म्हणून हातातलं कसब नाकारायला नको.

आता तुमच्या त्या चार तुकड्यांचं. तेल-मसाला लावून भाजलेली कोंबडी दोरीवर टांगू नका. आजी टांगायची ते मांस बिनतेलाचं, पातळ, पार कोरडं असे. उरलेली कोंबडी जेवण झाल्याबरोबर फ्रिजमध्ये जाऊ द्या. बराच वेळ वीज गेली तर मोह धरू नका. दुसऱ्या दिवशी हाडं वेगळी काढून पाण्यात उकळा, त्यात धुराचा वास उतरतो. त्याच पाण्यात अंबाडी शिजवा, मांस ठेचून वरून सोडा, चांगली उकळी येऊ द्या. लसणाची फोडणी शेवटी. आणि एक वाटा आधीच बाजूला काढा, स्वयंपाक करणारीचा.