मोटार-शर्यतीतील उमेदवार आणि त्याचे आश्रयदाते : ब्रिटनमधील स्थित्यंतराचा विचार

मोटार-शर्यतीचे इतिहास बहुधा विजेत्यांचे व यंत्रांचे लिहिले गेले आहेत. कोणत्या वर्षी कोणती गाडी किती वेगाने धावली याची टिपणे विपुल आहेत; परंतु ती गाडी विकत घेण्यासाठी, तिचे टायर बदलण्यासाठी आणि ती शर्यतीच्या ठिकाणी नेण्यासाठी पैसा कोठून आला, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. ज्याने अद्याप एकही शर्यत जिंकलेली नाही अशा उमेदवार चालकाच्या बाबतीत तर हा प्रश्न सर्वांत बिकट असतो. विजयावाचून त्याला कोणी आश्रय देत नाही, आणि आश्रयावाचून विजयाची संधी त्याच्या वाट्याला येत नाही. ब्रिटनमध्ये हा पेच कसा निर्माण झाला, निरनिराळ्या काळी त्यातून कोणत्या वाटा निघाल्या, आणि १९६८ साली गाड्यांवर व्यापारी जाहिराती लावण्याची मोकळीक मिळाल्यावर तो सुटला की नाही, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे. अन्य देशांतील काही उदाहरणे केवळ तुलनेसाठी घेतली आहेत.

ब्रिटनमधील संघटित मोटार-शर्यतीचा आरंभ सरे परगण्यातील ब्रुकलंड्स येथे १९०७ साली झाला. ह्यू लॉक किंग या जमीनदाराने आपल्याच जमिनीवर आणि स्वतःच्या खर्चाने हा मार्ग बांधविला. आरंभीच्या शर्यतींत चालक घोडेस्वारांप्रमाणे रंगीत झगे घालीत आणि त्या रंगांवरून प्रेक्षक त्यांना ओळखीत. ही प्रथा केवळ बाह्य उपचाराची नव्हती. घोड्यांच्या शर्यतीचे संकेत येथे जसेच्या तसे उचलले गेले होते, आणि त्यांबरोबर त्या खेळामागील सामाजिक कल्पनाही आल्या होत्या. ‘हौशी’ म्हणजे ज्याला खेळातून पैसा मिळवण्याची गरज नाही असा सद्‌गृहस्थ, हा त्या कल्पनांचा गाभा होता. गाडीवर व्यापाऱ्याचे नाव रंगविणे अशा समाजात असभ्यपणाचे वाटावे, हे स्वाभाविकच होते. मात्र या सभ्यतेचा आर्थिक अर्थ सरळ होता: ज्याच्या घरी पैसा आहे, किंवा ज्याच्या परिचयात पैसेवाला आहे, त्यानेच शर्यतीत उतरावे. टिम बर्किन हा नामवंत चालकही आपल्या सुपरचार्जर बसविलेल्या बेंटली गाड्यांचा खर्च पेलू शकला नाही. डोरोथी पॅजेट या धनाढ्य स्त्रीने पैसा पुरविला म्हणूनच त्या गाड्या १९३० साली शर्यतींत उतरू शकल्या.

तथापि या काळात व्यापाऱ्यांचा पैसा शर्यतीत नव्हता असे समजणे चुकीचे ठरेल. तेलाच्या, टायरच्या व स्पार्क प्लगच्या कंपन्या प्रसिद्ध चालकांना माल देत, मानधन देत, आणि विजयानंतर ठरलेली रक्कमही देत. त्याच्या मोबदल्यात वर्तमानपत्रांतून आपल्या मालाचा गौरव करणाऱ्या जाहिराती छापण्याचा अधिकार त्यांना मिळे. गाडीवर नाव नाही, पण दुसऱ्या दिवशीच्या पत्रात मात्र आहे, अशी ही तडजोड होती. या व्यवस्थेतील महत्त्वाची गोष्ट अशी की, तिचा लाभ विजय मिळाल्यानंतर होत असे. नव्या चालकाच्या नावाने छापलेल्या जाहिरातीला किंमत नसल्यामुळे तो या व्यवस्थेच्या बाहेरच राहिला. याउलट अमेरिकेत गाडीवर आश्रयदात्याचे नाव असण्यात कोणाला वावगे वाटत नव्हते. १९३१ साली इंडियानापोलिसची शर्यत जिंकणाऱ्या गाडीचे नावच ‘बोज सील फास्ट स्पेशल’ असे, म्हणजे आश्रयदात्या कंपनीच्या मालावरून ठेवलेले होते. यावरून यूरोपातील निर्बंध हा खेळाच्या स्वरूपातून आलेला नसून विशिष्ट समाजसंकेतातून आलेला होता, हे स्पष्ट होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये जी पहिली वाट निघाली ती पैसा मिळविण्याची नव्हती. पैशाची गरजच कमी करण्याची होती. १९३९ साली स्थापन झालेल्या ७५० क्लबने जुन्या, स्वस्त ऑस्टिन सेव्हन गाड्यांच्या आधारे शर्यतीची एक श्रेणी उभी केली. घरच्या छपरीत, स्वतःच्या हातांनी गाडी तयार करणाऱ्यांसाठी ती होती. त्याच सुमारास ५०० घन सेंटिमीटरच्या मोटारसायकल-एंजिनावर चालणाऱ्या छोट्या गाड्यांची चळवळ सुरू झाली. १९४६ साली सर्बिटन येथील कूपर पितापुत्रांनी फियाट टोपोलिनो गाड्यांचे पुढचे भाग जोडून आणि मागे जॅप बनावटीचे एंजिन बसवून अशी एक गाडी घडविली. १९५० साली या श्रेणीला ‘फॉर्म्युला थ्री’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. स्टर्लिंग मॉस याने १९४८ साली आपली शर्यतीची कारकीर्द अशाच कूपर गाडीतून सुरू केली. येथे एक मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. मॉसचे वडील दंतवैद्य होते आणि त्यांनी स्वतः १९२४ साली इंडियानापोलिसच्या शर्यतीत भाग घेतला होता. स्वस्त श्रेणीतही घरची सांपत्तिक स्थिती आणि वडीलधाऱ्यांची समजूत यांचे वजन कमी झाले नव्हते; फक्त प्रवेशाचे दार थोडे रुंद झाले होते.

ज्यांना घरचा पाठिंबा नव्हता त्यांच्यासाठी दुसरी वाट होती ती स्थानिक आश्रयदात्याची. स्कॉटलंडमधील दोन उदाहरणे या दृष्टीने बोलकी आहेत. जिम क्लार्क हा सीमाभागातील शेतकरी कुटुंबातला. मोटार-शर्यतीचा नाद घरच्यांना पसंत नव्हता. १९५६ साली क्रायमंड येथे तो प्रथम शर्यतीत उतरला तो इयन स्कॉट वॉटसन या मित्राच्या डीकेडब्ल्यू गाडीतून. पुढे त्याच परिसरातील शौकिनांनी ‘बॉर्डर रीव्हर्स’ हा संघ पुन्हा उभा केला, आणि १९५८ साली क्लार्कच्या हाती डी-टाइप जॅग्वार आली. जॅकी स्टुअर्टची कथाही याच जातीची आहे. डंबार्टनजवळील घरच्या गॅरेजात तो काम करी. तेथील बॅरी फायलर या गिऱ्हाइकाने आपल्या गाड्या त्याला चालवावयास दिल्या, आणि १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत त्याची उमेदवारी सुरू झाली. दोन्ही ठिकाणी आश्रयदात्याने रोख रकमेपेक्षा गाडी दिली. तो चालकास व्यक्तिशः ओळखत होता. आणि त्यातून व्यापारी लाभ व्हावा अशी त्याची अपेक्षा नव्हती. पुढे दोघेही जगज्जेते झाले. परंतु ही वाट परिचयावर, किंबहुना योगायोगावर अवलंबून होती. ज्या उमेदवाराच्या गावी असा शौकीन नव्हता, त्याच्या गुणांची नोंद इतिहासात होऊच शकली नाही.

यानंतर १९६८ सालचे स्थित्यंतर येते. शर्यतीचा खर्च वाढत होता आणि तेलाच्या व टायरच्या कंपन्या हात आखडता घेऊ लागल्या होत्या. अशा वेळी आंतरराष्ट्रीय नियामकांनी गाड्यांवरील जाहिरातींचा निर्बंध सैल केला. १ जानेवारी १९६८ रोजी दक्षिण आफ्रिकेतील कियालामी येथे टीम गनस्टनच्या गाड्या सिगारेटच्या रंगांत धावल्या. त्याच महिन्यात न्यूझीलंडमध्ये क्लार्कची लोटस गाडी ब्रिटनचा परंपरागत हिरवा रंग सोडून गोल्ड लीफ सिगारेटच्या तांबड्या, पांढऱ्या व सोनेरी रंगांत दिसली. ७ एप्रिल रोजी हॉकनहाइम येथे क्लार्कचा मृत्यू झाला. त्यानंतर मे महिन्यात हरामा येथील स्पॅनिश ग्रां प्री याच रंगांच्या गाडीतून ग्रॅहम हिलने जिंकली. हा बदल घडवून आणण्यात अग्रभागी असलेला कोलिन चॅपमन हा स्वतः ७५० क्लबच्या स्वस्त श्रेणीतून वर आला होता. लोटसच्या स्थापनेसाठी त्याने आपल्या भावी पत्नीकडून २५ पौंड उसने घेतले होते, ही हकीकत प्रसिद्ध आहे. उमेदवाराची ओढाताण ज्याने अनुभवली होती, त्यानेच जाहिरातीचे दार उघडले. त्या दारातून उमेदवाराला प्रवेश मिळाला काय, हा खरा प्रश्न आहे.

येथे जाहिरातदाराच्या व्यवहाराचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. व्यापारी वेग विकत घेत नाही. लोकांची दृष्टी विकत घेतो. ग्रां प्रीच्या गाडीकडे लक्षावधी लोकांचे लक्ष असते. क्लबाच्या लहान शर्यतीला जमणारे प्रेक्षक म्हणजे बहुधा स्पर्धकांचे आप्त व मित्र. तेव्हा मोठ्या जाहिरातदाराला विकण्याजोगे असे उमेदवारापाशी फारसे काही नव्हते. गावातील गॅरेजवाल्याकडे वा दुकानदाराकडे जाऊन, गाडीच्या अंगावर त्याचे नाव लावण्याच्या, त्याच्या गिऱ्हाइकांना शर्यत दाखविण्याच्या आणि स्थानिक पत्रात छायाचित्र येईल अशी व्यवस्था करण्याच्या मोबदल्यात थोडी रक्कम किंवा माल मिळविणे, एवढाच मार्ग त्याच्यापुढे राहिला. पूर्वी उमेदवाराकडे संपत्ती असावी लागे. आता संपत्ती असणाऱ्याला आपले म्हणणे पटवून देण्याची कला असावी लागली. गाडी चालविण्याशी या कलेचा काही संबंध नव्हता.

नव्या व्यवस्थेत पेच सुटला नाही याची साक्ष पुढील काळातील दोन चरित्रांतून मिळते. ऑस्ट्रियाचा निकी लाउडा याला १९७२ च्या हंगामासाठी मार्च संघात जागा विकत घ्यावयाची होती. एका बँकेकडून मिळू पाहणारे साहाय्य त्याच्याच आजोबांनी आपले वजन खर्चून थांबविले. तेव्हा त्याने दुसऱ्या बँकेकडे आयुर्विमा तारण ठेवून कर्ज काढले. ब्रिटनच्या नायजेल मॅन्सेलने १९७७ साली फॉर्म्युला फोर्डची अजिंक्यपद-स्पर्धा जिंकली होती. तरीही १९७८ साली फॉर्म्युला थ्रीमध्ये उतरण्यासाठी त्याला राहते घर विकावे लागले, आणि त्या पैशात जेमतेम काही शर्यती झाल्या. लाउडा १९७५ साली आणि मॅन्सेल १९९२ साली जगज्जेता झाला, म्हणून या कथा धैर्याच्या म्हणून सांगितल्या जातात. परंतु घर विकूनही ज्यांना यश आले नाही त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरता कामा नये.

याच काळात उमेदवारांना खरा उपयोग झाला तो अन्य दोन उपायांचा. पहिला उपाय फॉर्म्युला फोर्डचा. २ जुलै १९६७ रोजी ब्रँड्स हॅच येथे या श्रेणीची पहिली शर्यत झाली. कोर्टिना गाडीचे साधे एंजिन, रस्त्यावरचेच टायर आणि एक हजार पौंडांच्या आत गाडी, अशी तिची मूळ कल्पना होती. ब्राझीलहून आलेला एमर्सन फिटिपाल्डी १९६९ साली याच श्रेणीतून ब्रिटनमधील शर्यतीत शिरला, आणि १९७० च्या ऑक्टोबरात त्याने लोटस गाडीतून अमेरिकेची ग्रां प्री जिंकली.

दुसरा उपाय फ्रान्समधील शाळांच्या पारितोषिकांचा. तेथे तेल-कंपन्यांनी शर्यतीचे शिक्षण देणाऱ्या शाळांतून स्पर्धा ठेवल्या. सर्वांना सारखी गाडी देऊन ज्याची वेळ उत्तम येईल त्याच्या पुढील हंगामाचा भार उचलावयाचा, अशी ही योजना होती. फ्रांस्वा सेव्हेर १९६६ साली ‘व्होलां शेल’ जिंकून पुढे आला. १९७५ साली पॉल रिकार येथील ‘एल्फ’ची स्पर्धा आलँ प्रोस्टने जिंकली, पुढे तो चार वेळा जगज्जेता झाला. या वाटेशी भारताचाही संबंध आहे. नारायण कार्तिकेयनने १९९२ साली फ्रान्समधील विनफील्ड शाळेत शिक्षण घेऊन ‘पिलोत एल्फ’ स्पर्धेत उपान्त्य फेरी गाठली होती. २००५ साली जॉर्डन संघातून तो फॉर्म्युला वनमध्ये उतरला तेव्हा त्याच्या पाठीशी टाटांचे साहाय्य होते. मात्र मॉसप्रमाणेच त्याचेही वडील स्वतः स्पर्धक, रॅलीचालक होते, हेही नमूद केले पाहिजे.

जाहिरातीच्या पैशाचा आणखी एक दोष पुढे उघड झाला. तो पैसा देणाऱ्याच्या सोयीनुसार येतो आणि जातो. यूरोपीय संघाच्या व ब्रिटनच्या कायद्यांनी २००५ सालच्या जुलैअखेर तंबाखूच्या जाहिरातींना बंदी केली, आणि १९६८ साली सुरू झालेले पर्व तेथे संपले. स्त्री-चालकांना स्वतःचा पैसा आणावा लागू नये म्हणून २०१९ साली सुरू झालेली ‘डब्ल्यू सीरीज’ ही स्पर्धा २०२२ साली निधीअभावी हंगामाच्या मध्येच थांबली. योजनेचा हेतू कितीही न्याय्य असला तरी तिचा पाया जाहिरातदाराच्या मर्जीवर असेल, तर उमेदवाराचे भवितव्यही त्याच मर्जीवर राहते.

या विवेचनावरून असा निष्कर्ष निघतो की, आश्रयाच्या निरनिराळ्या प्रकारांची पारख करताना आश्रयदाता कोण हे पाहण्यापेक्षा आश्रय केव्हा मिळतो हे पाहणे अधिक उद्‌बोधक आहे. तेल-कंपन्यांचे मानधन आणि १९६८ नंतरच्या मोठ्या जाहिराती या दोहोंनी प्राधान्याने सिद्ध झालेल्या चालकास साहाय्य केले. स्वस्त श्रेणी, गावचा शौकीन आणि शाळेचे पारितोषिक यांनी मात्र कीर्तीच्या आधी हात दिला. त्यांपैकी स्वस्त श्रेणी व पारितोषिक यांना नियमांचा आधार होता. म्हणून परिचयाचे भाग्य नसलेल्यांनाही ती वाट काही अंशी खुली राहिली. मोटार-शर्यतीतील जगज्जेत्यांची यादी वाचताना ती कौशल्याची यादी आहे असे मानण्याचा मोह होतो. वस्तुतः ज्यांना पहिली दोन-तीन वर्षे कोणी ना कोणी निभावून नेले, अशांमधून झालेली ती निवड आहे. निभावून नेणारा मिळाला नाही म्हणून जे परत फिरले त्यांची संख्या कोणत्याही अभिलेखात सापडणार नाही. परंतु या खेळाचा सामाजिक इतिहास त्यांना वगळून पूर्ण होणार नाही.