किल्ली कोणाच्या हातात?

व्हेनिसमधली हॉटेलं आमच्या खिशाला झेपणारी नव्हती, म्हणून सान मार्कुओलाच्या मागच्या बोळात, 'बेड अँड ब्रेकफास्ट' म्हणतात तशा एका घरी आम्ही नवरा-बायको चार रात्री राहिलो. घरमालकीण साठीची होती. इटलीत पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करावीच लागते, म्हणून तिने पासपोर्ट मागितले. नाव वाचताना तिची नजर जरा थबकली, आणि माझ्या छातीत उगीचच धस्स झालं. आपल्याकडे भाड्याची खोली शोधताना आडनाव सांगितल्यावर पडणारी शांतता ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना हे धस्स होणं समजावून सांगावं लागणार नाही. पण तिने फक्त विचारलं, "न्याहारीला हॅम नको ना?" आणि दोन किल्ल्या पुढे केल्या. एक खोलीची, एक रस्त्यावरच्या दाराची. "रात्री कितीही वाजता या," म्हणाली.

सकाळी कालव्याच्या काठावर गेलो, तर समोरच्या तीरावर कमानींची लांबच लांब ओळ असलेली पांढरी इमारत दिसली. तिचं नाव 'फोंदाको देइ तुर्की', म्हणजे तुर्कांचा फोंदाको. 'फोंदाको' हा शब्द अरबी 'फुंदुक'वरून आला आणि तो अरबीत ग्रीक भाषेतून आला. खाली माल, वर माणसं, मध्ये चौक. आपण वखार आणि मुसाफिरखाना एकत्र केला तर जे होईल ते. या चार रात्रींत मी त्या इमारतीचाच विचार करत राहिलो. कारण तीही परक्यांना मुक्काम देणारी जागा होती, पण तिथल्या पाहुण्याच्या हाती किल्ली नव्हती.

तेराव्या शतकात एका धनिक घराण्याने हा वाडा बांधला. 1381 मध्ये व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने तो फेराराच्या सरदारासाठी विकत घेतला. पुढे राज्याचे बडे पाहुणेही इथे उतरत. 1438 मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा बायझंटाइन सम्राट इथे राहून गेला. पंधरा वर्षांनी ते शहर उस्मानी तुर्कांनी जिंकलं, आणि 1621 मध्ये त्याच वाड्यात त्याच शहराचे तुर्क व्यापारी राहायला आले. इतिहास असे विनोद करतो.

त्याआधी हे व्यापारी रिआल्तोच्या आसपास खाणावळींत, लोकांच्या घरी राहत. 1570 ते 1573 या काळात सायप्रससाठी व्हेनिस आणि उस्मानी सल्तनत यांची लढाई झाली. 1571 चं लेपांतोचं आरमारी युद्ध त्यातलंच. लढाई संपली, व्यापार पुन्हा सुरू झाला, पण मनं साफ झाली नव्हती. चोऱ्या होत, वाद होत, रस्त्यात अपमान होत. म्हणून स्वतंत्र जागा हवी ही मागणी सरकारदरबारी गेली. तीत तुर्कांच्या सुरक्षिततेची काळजी होती, तशीच ते ख्रिस्ती वस्तीत मिसळतील ही भीतीही होती. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर असतात, तेव्हा त्या वेगळ्या काढणं कठीण जातं.

1621 नंतर वाड्याचे नियम ठरले. बाहेरच्या खिडक्या बुजवल्या. दिवस मावळला की दारं बंद. चावी ख्रिस्ती पहारेकऱ्याकडे. हत्यारं दारावर ठेवायची. बायकांना आणि मिसरूड न फुटलेल्या मुलांना आत मज्जाव. बोस्निया-अल्बेनियाकडचे एका भागात, इस्तंबूल-आशियाकडचे दुसऱ्या भागात. पण आत न्हाणीघर होतं, आणि नमाजासाठी खोलीही होती.

हे वाचून आपलं रक्त तापतं. पण इतिहास अर्धाच वाचू नये. याच व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना इजिप्तच्या अलेक्झांड्रिया बंदरात मुस्लिम सुलतानांनी फुंदुक दिले होते. तिथेही रात्री दार बाहेरून बंद होई, आणि जुम्म्याच्या नमाजाच्या वेळी भर दुपारी पुन्हा बंद होई. किल्ली मुस्लिम अधिकाऱ्याकडे. आत मात्र त्यांना प्रार्थनेची आणि दारूचीही मुभा होती. म्हणजे व्हेनिसने हे कुलूप काही अंशी आपल्याच भाऊबंदांकडून पाहिलं होतं. व्हेनिसमध्ये जर्मन व्यापाऱ्यांचा फोंदाकोही होता; त्यालाही रात्री टाळं लागे. आणि 1516 मध्ये स्थापन झालेला ज्यूंचा गेट्टो तर आमच्या घरापासून पाच-सात मिनिटांवर होता. त्याचे दरवाजेही रात्री बंद होत. फरक एवढाच की व्यापारी माल विकून घरी परतत. ज्यूंना गेट्टो हेच घर होतं.

1797 मध्ये प्रजासत्ताक संपलं. 1838 पर्यंत फोंदाकोत तुर्क राहिले. 1860 च्या दशकात इमारतीची डागडुजी झाली, इतकी की जुनं किती आणि नवं किती हा वाद आजही आहे. 1923 पासून तिथे निसर्ग-इतिहासाचं संग्रहालय आहे. आम्ही तिकीट काढून आत गेलो. नायजरच्या वाळवंटातून आणलेला डायनासोरचा सांगाडा पाहिला.

2015 मध्ये एका स्विस कलावंताने, आइसलँडच्या वतीने, इथल्या एका बंद चर्चमध्ये कलाप्रदर्शनाचा भाग म्हणून मशीद उभी केली होती. शहराने ती दोनच आठवड्यांत बंद केली.

शेवटच्या सकाळी चादरी बदलायला एक बांगलादेशी तरुण आला. मोडक्या हिंदीत बोलणं झालं. तो समोरच्या मुख्य भूमीवर, मेस्त्रेला राहतो. तिथे बांगलादेशींची मोठी वस्ती आहे. जुन्या शहरात राहणं त्याला परवडत नाही. ते खुद्द व्हेनिसवाल्यांनाही परवडेनासं झालं आहे. 1951 मध्ये जुन्या शहरात पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं होती. 2022 मध्ये ती पन्नास हजारांच्या खाली आली. माणसं गेली, आणि पुष्कळ घरांत आमच्यासारखे चार रात्रींचे पाहुणे आले. हा वाटा आमचाही आहे, हे कबूल केलं पाहिजे.

मी त्याला किब्ल्याची दिशा विचारली. त्याने खिडकीतून आग्नेयेकडे बोट दाखवलं. मग घड्याळ पाहून बादली उचलली. अजून तीन घरं साफ करायची होती, आणि संध्याकाळच्या बसने परतायचं होतं. त्याला कोणी कोंडत नाही. रात्र पडायच्या आत तो स्वतःच शहराबाहेर जातो. त्याच्या कमरेला सात-आठ घरांच्या किल्ल्यांचा जुडगा होता. त्यातली एकही त्याची नव्हती.