देववाणी आणि सासष्टीची ओवी

बायबलात देव माणसाशी नाना परींनी बोलतो. मोशेला जळत्या झुडपातून हाक येते, एलीयाला भूकंप-अग्नीनंतर मंद वाणी ऐकू येते, योसेफाला स्वप्नात देवदूत दिसतो. पण पन्नासाव्या दिवशी यरुशलेमात जमलेल्यांना प्रेषितांचं बोलणं आपापल्या भाषेत ऐकू आलं.

हे मर्म ओळखलं ते १५७९ साली गोव्यात आलेल्या इंग्लिश जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी. सासष्टीच्या ख्रिस्ती लोकांसाठी त्यांनी बायबलकथा मराठी ओव्यांत रचली. १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं, लिपी मात्र रोमन. पुढे १६८४ च्या पोर्तुगीज हुकमाने स्थानिक भाषाच तीन वर्षांत सोडायला सांगितलं. तरी हस्तलिखित प्रतींतून या ओव्या टिकल्या. ऐकणाऱ्याची भाषा तोडली, तर देवाने बोलायचं तरी कशात?